पाचवा टायर: ग्वाल्हेर ते भोपाळ, देवाला घेऊन एकट्याने

या ब्लॉगवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे: 'काका, एसयूव्हीला ऑल-सीझन टायर घ्यावेत का?' आजवर मी उत्तर टाळत आलो, कारण मी ते स्वतः कधी घेतले नव्हते. आता घेतले आहेत, आणि ते लावून ग्वाल्हेरहून भोपाळला जाऊन परतही आलो आहे. सव्वाचारशे किलोमीटर जाताना, तेवढेच येताना. उत्तर देतो, पण शेवटी. मधला मजकूर टायरबद्दल कमी आणि माझ्याबद्दल जास्त झाला आहे, त्याला माझा इलाज नाही.

आधी जायचं कारण. आमच्या घराण्याचा खंडोबा एक वर्ष ग्वाल्हेरला असतो आणि एक वर्ष भोपाळला. छप्पन साली मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे कचेऱ्या गेल्या आणि कचेऱ्यांमागे कारकून गेले. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ सचिवालयात होते, त्यांना जावं लागलं. आजोबांचं खातं ग्वाल्हेरलाच राहिलं, म्हणून आम्ही राहिलो. दोघा भावांनी भांडी वाटून घेतली, गाद्या वाटून घेतल्या, पण देवाचे टाक कसे वाटणार? चांदीच्या पत्र्यावर उठवलेले तळहाताएवढे देव, सगळे मिळून एकच कुटुंब. तेव्हा पाळी ठरली. चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी देव पुढच्या घरी पोचायचा आणि वर्षभर तिथे राहायचा.

पाळीबरोबर एक नियमही आला, आणि तो टायरमुळे आला. पहिल्या खेपेला थोरले आजोबा कचेरीच्या फायली नेणाऱ्या ट्रकमधूनच बायको, ट्रंका आणि देव घेऊन निघाले होते. गुन्यापर्यंत तीन पंक्चर झाली. दुसऱ्या पंक्चरला जॅक घसरला आणि ट्रक एका बाजूला धाडकन बसला. ट्रंकांचा चेंदामेंदा झाला, पण देव वाचला, कारण थोरली आजी डबा घेऊन खाली उतरून उभी होती. तेव्हापासून घर सोडल्यावर पुढचं घर गाठेपर्यंत देव जमिनीला टेकवायचा नाही, त्याला एकटं सोडायचं नाही आणि गाडी जॅकवर असताना गाडीत ठेवायचा नाही. थोडक्यात, माणसं दोन लागतात. एक टायर बदलणारं आणि एक देव धरणारं.

सव्वीस वर्षं आमच्याकडे टायर बदलणारा मी होतो आणि देव धरणारी शैला, माझी बायको. दर मार्गशीर्षात एक खेप, एक वर्ष पोचवायला, एक वर्ष आणायला. शैला गेल्याला दीड वर्ष झालं. गेल्या खेपेला मुलगी सोबत आली होती, यंदा तिला पुण्याहून सुट्टी मिळाली नाही.

महिनाभर आधी भोपाळहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे थोरल्या आजोबांचा नातू, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा.

"विजू, यंदा देव आला की इथेच राहू दे," तो म्हणाला. "तू तर एकटा आहेस. नैवेद्य कोण करून राहिलंय तिकडे? आणि पुढच्या वर्षी आणायला येणार कोण?"

"बघतो," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही नव्हतं. दादाचं चुकत नव्हतं. एका माणसाचा नैवेद्य म्हणजे मी सकाळी कुकरला लावलेला वरणभात. मी हो म्हणायचं ठरवूनच टाकलं होतं. फक्त ही शेवटची खेप मला नीट, कोणाच्या मदतीशिवाय करायची होती. अनू, माझी मुलगी, फोनवर वैतागली. "बाबा, ट्रेन से चले जाओ ना. पाच तासांत भोपाळ. डबा मांडीवर ठेवायचा, बस. इतना क्या सोचना?" तिचंही बरोबर होतं. पण आमचा देव कायम रस्त्याने गेला आहे, आणि शेवटच्या खेपेला आगगाडी धरणं मला पळपुटेपणाचं वाटलं.

देव धरायला माणूस नव्हतं, म्हणून मी ठरवलं की पंक्चरच होऊ द्यायचं नाही. छावणीतल्या माझ्या नेहमीच्या टायरवाल्याकडे गेलो आणि चार नवे ऑल-सीझन टायर टाकले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट धरून छत्तीस हजार. टायरवाला रबरावरच्या बारीक खाचांवरून नख फिरवत म्हणाला, "गर्मी में पिघलेगा नहीं, पाले में अकड़ेगा नहीं." ग्वाल्हेरला मे महिन्यात सत्तेचाळीस आणि जानेवारीत तीन असतं, तेव्हा टायरकडून एवढी अपेक्षा करायला हरकत नाही. मग त्याने मागचं दार उघडून स्टेपनी बाहेर काढली.

"भाईसाहब, पाँचवाँ भी बदल लो. ये बुड्ढी हो गई."

"अहो, ये तो कभी चली ही नहीं," मी म्हणालो. नऊ वर्षांची गाडी, नऊ वर्षांची स्टेपनी, कंपनीची.

"चली नहीं, इसीलिए तो. रबड़ खड़े-खड़े मरता है."

मी हसून ते उडवून लावलं. पंक्चर होऊ नये म्हणून एवढा खर्च करायचा आणि वर पंक्चरसाठी पाचवा टायर घ्यायचा, हे मला पटेना.

जाताना

सकाळी साडेसहाला निघालो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात धुकं एवढं होतं की बाड्याच्या चौकातलं घड्याळ दिसलं नाही, आणि टेम्पोवाले हॉर्नवरच एकमेकांना ओळखत होते. देवाचा पितळी डबा शैलाच्या राखी शालीत बांधून पुढच्या सीटवर ठेवला. टाक, दिवटी, बुधली, भंडाऱ्याची वाटी, सगळं मिळून सात किलो. गाडी सुरू केली तर पट्टा लावा म्हणून टिंग टिंग सुरू झालं. माझा पट्टा लावलेला होता. मग लक्षात आलं, गाडीला वाटतंय शेजारी कोणी बसलं आहे. शैला डबा मांडीवर घेऊन बसायची, तेव्हा दोघांना एकच पट्टा पुरायचा. मी डब्याला पट्टा लावला आणि गाडी गप्प झाली.

घाटीगाव, मोहना, सतनवाडा. रस्ता चांगला, चौपदरी, टोल फास्टॅगवर कटतात. सतनवाड्याच्या घाटात रस्ता दवाने ओला होता, आणि इथे टायरचा पहिला अनुभव आला. जुन्या टायरवर या वळणांना मी जीव मुठीत धरायचो. यावेळी गाडीने वळण धरलं ते सोडलंच नाही. आवाजही कमी. हे सांगायला मी बाजूला वळलो आणि डब्याला म्हणालो, "बघितलंस?" मग पाच किलोमीटर मी स्वतःवरच चिडून होतो.

शिवपुरीला साडेआठ वाजले. बायपास सोडून गावात शिरलात तर पोहे आणि जिलबी मिळते, तीस रुपयांत पोट भरतं. पण देवाला एकटं सोडायचं नाही, म्हणून मी गाडीच्या खिडकीला टेकूनच पोहे खाल्ले. चहा नको म्हणालो. एकट्याने देव न्यायचा असेल तर चहा पिता येत नाही, कारण मग पुढे कुठे उतरावं लागलं तर देवापाशी कोण थांबणार? सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी दोन-दोन कप पीत असे आणि शैला गाडीत बसून असे.

कोलारस सोडलं आणि धुकं पुन्हा दाटलं. एका ठिकाणी काम चालू होतं, रस्ता डावीकडे वळवला होता, आणि वळवल्याची पाटी वळल्यानंतर होती. डावं पुढचं चाक कशावर तरी घासलं. दुभाजकाचा तुटलेला दगड होता. दोनशे मीटरवर स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून पाहिलं. टायरची बाजूची भिंत चार बोटं फाटली होती. तिथे पंक्चर काढता येत नाही, चाकच बदलावं लागतं. आठवडाभरापूर्वीचा टायर.

मदतीच्या नंबरवर फोन केला. शिवपुरीहून माणूस यायला दोन तास लागतील म्हणाले. धुक्यात कडेला उभ्या गाडीत बसून राहणं म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला आमंत्रण. लाल त्रिकोण मागे ठेवला, डबा उचलला आणि लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभा राहिलो.

दहा मिनिटांत सात किलो म्हणजे काय ते कळलं. डबा कठड्यावर टेकवून पाहिला, कठडा निमुळता. बाभळीच्या बेचक्यात ठेवावा तर काटे. एवढ्यात मला वाटलं आपण फार हुशार आहोत. शाल सोडली, डबा पाठीवर घेतला, शालीची दोन टोकं छातीवर आवळून गाठ मारली आणि पान्हा घेऊन चाकाशी बसलो. खंडोबा पाठुंगळी. पहिला नट पायाने दाबून दाबून निघाला. दुसरा यंत्राने आवळलेला, तो जागचा हलेना. पान्ह्यावर उभा राहून उडी मारली तर डबा मानेवर आपटला आणि मी गुडघ्यावर पडलो. देव पडला नाही, पण पडला असता. एका हाताने डबा धरून मी तसाच रस्त्यावर बसून राहिलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पाठीवर बायकोची शाल. त्या क्षणी मला शैलाचा राग आला, खोटं कशाला बोलू. गेलीस ती गेलीस, निदान हे धरायला तरी थांबायचंस.

धुक्यातून एक ट्रक हळू येऊन पुढे थांबला. शिवपुरीच्या फरशीने भरलेला. ड्रायव्हर उतरला, माझ्याच वयाचा, काटकुळा, कानाला मफलर.

"क्या बाँध रखा है पीछे?" त्याने विचारलं.

"भगवान हैं. खंडोबा. नीचे नहीं रख सकते, और गाड़ी जॅक पर हो तो अंदर भी नहीं."

"कहाँ के हैं?"

"महाराष्ट्र के."

"तो इधर कैसे?"

"दो-ढाई सौ साल हो गए."

त्याने मान हलवली, जणू एवढा उशीर रस्त्यात होतोच. "साथ में कोई नहीं है?"

"नहीं."

"मेरे साथ भी नहीं," तो म्हणाला. "पहले खलासी रहता था. अब मालिक कहता है अकेले चलो." माझ्या हातातला पान्हा त्याने काढून घेतला. "आप इनको सम्हालो. पहिया मैं देखता हूँ." मी गाठ सोडून डबा पुढे हातांत घेतला.

त्याला बाजूच्या भिंतीवरचं ऑल-सीझन वाचून गंमत वाटली. आपल्या ट्रकच्या मागच्या चाकांकडे त्याने बोट दाखवलं. दोनदा नवं रबर चढवलेले. "हमारा भी यही है. उसी में लू, उसी में पाला, उसी में कीचड़. बस टायर को मालूम नहीं कि उसका नाम क्या है." जॅक लावताना गाडी जराशी हलली आणि मी डबा छातीशी घट्ट धरून दोन पावलं मागे सरलो. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप सरलो. शैलाही अशीच सरायची.

ती जिथे उभी राहायची तिथे मी पहिल्यांदाच उभा होतो. सव्वीस वर्षांत सहा-सात वेळा तरी पंक्चर झालं असेल, आणि प्रत्येक वेळी माझी पाठ तिच्याकडे होती. मी घाम गाळायचो, कंपनीला शिव्या द्यायचो, आणि मागे ती काहीतरी पुटपुटत असायची. मला वाटायचं, स्तोत्र म्हणत असेल. कधी विचारलं नाही. हात किती भरून येतात, पितळ किती गार असतं, यातलं तिने काही बोलून दाखवलं नाही, आणि माझ्या मनात आलं नाही. मी टायर बदलतो म्हणजे सगळं काम मीच करतो, अशी माझी समजूत होती.

वीस मिनिटांत स्टेपनी लागली. ड्रायव्हरने तिच्यावर नख दाबून पाहिलं. "साठ के ऊपर मत जाना. ये लकड़ी हो गई है." पैसे घेईना. डब्यातला चिमूटभर भंडारा मी त्याच्या हातावर ठेवला, तो त्याने कपाळाला लावला आणि उरलेला ट्रकच्या स्टिअरिंगला पुसला. मग धुक्यात गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

गुन्याला या मापाचा टायर मिळाला नाही. पुढे ब्यावरा, नरसिंहगढ, सगळा रस्ता साठच्या वेगाने. तीन नवे टायर शांत, चौथा घोंघावत. ज्यांची स्टेपनी गाडीएवढी जुनी आहे त्यांनी हा आवाज एकदा ऐकावा. भोपाळला कोलार रोडवर दादाच्या बिल्डिंगखाली पोचलो तेव्हा चार वाजले होते, आणि सकाळच्या पोह्यांनंतर पोटात काही नव्हतं.

भोपाळ

वहिनीने दारातच पायांवर पाणी घातलं, देवाला ओवाळलं आणि डबा माझ्या हातून घेतला. हात रिकामे झाले तरी कोपरं वाकलेलीच राहिली. रात्रीच्या जेवणाची पानं वाढली तेव्हा मी रस्त्यातली हकीकत सांगितली. दादा मध्येच म्हणाला, "बघ, हेच तर सांगून राहिलो होतो मी." वहिनी मात्र हसली.

"मग बोललास की नाही देवाशी?"

"काय बोलणार?"

"शैला बोलायची. मी एकदा होते ना तुमच्याबरोबर, ब्यावऱ्याला पंक्चर झालं तेव्हा. तिच्या शेजारीच उभी होते." वहिनीने भाकरी वाढता वाढता शैलाचा आवाज काढला. "देवा, दुसरा नट निघाला हं. आता तिसरा. तिसरा अडणार, मग हे शिवी देतील, तू कान झाक. मनातून चांगले आहेत. झालंच, आता पाच मिनिटं."

 मग मी रडलो, दादाच्या देखत, पानावर बसून. दादाने पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं आणि खाली बघत जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात. येळकोट म्हणायला आम्ही तिघंच, कारण दादाचा मुलगा बंगलोरला आणि नात व्हिडिओ कॉलवर. तिने आरतीच्या मध्येच विचारलं, "आजोबा, ये पीला-पीला क्या है?" आरती झाल्यावर दादा तबक हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"मग ठरलं ना, विजू? इथेच राहू दे."

हो म्हणायला मी तोंड उघडलं. महिनाभर तेच घोकलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी न्यायला येईन."

"एकटा?"

"एकटाच."

"आणि पंक्चर झालं तर? देव कोण धरणार?"

"मी धरीन. टायर कोणीतरी बदलेल."

 दादाच्या मनात काय होतं कोण जाणे. बंगलोरच्या मुलाकडे त्यालाही जावं लागणार आहे, आज नाही तर दोन वर्षांनी, हे मला वहिनीकडून कळलं होतं. शेवटी त्याने तबक खाली ठेवलं. "मग आधी पाचवा टायर घे," तो म्हणाला. दुपारी तो स्वतः माझ्याबरोबर दुकानात आला. फाटलेल्याच्या जागी एक आणि स्टेपनीसाठी एक, असे दोन घेतले. जुनी स्टेपनी दुकानातच सोडली.

परत

येताना ऊन होतं, रस्ता कोरडा. रिकामा डबा पुढच्या सीटवर ठेवला, शालीतच. गाडी सुरू केली. टिंग टिंग झालं नाही. रिकाम्या डब्याचं वजन गाडीच्या खिजगणतीत नव्हतं. तरी मी वाकून पट्टा लावला. ब्यावऱ्याला चहा प्यायलो. दोन कप. देव सोबत नव्हता, कोणाला थांबावं लागणार नव्हतं, आणि चहाला चव नव्हती.

कोलारसच्या अलीकडे ते वळण आलं. पलीकडच्या बाजूला तुटका दगड तसाच होता, फक्त पाटी आता वळणाच्या आधी लावली होती. मी वेग कमी केला, थांबलो नाही.

तर उत्तर. घ्या ऑल-सीझन टायर. ओल्या घाटात धरून राहतात, आवाज करत नाहीत, आपल्याकडच्या उन्हात आणि थंडीत चालतात. धारदार दगडापुढे त्यांचंही काही चालत नाही, तेव्हा धुक्यात हळू जा. चार घेताना पाचवा घ्या. आणि पान्ह्याला लांब नळी जोडून ठेवा, यंत्राने आवळलेला नट उडी मारून निघत नाही.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले होते. कुलूप उघडलं. देवघरात टाकांच्या जागी मी जाताना सुपारी ठेवून गेलो होतो, ती तशीच होती. पुढच्या मार्गशीर्षापर्यंत तिथे तीच. डबा खाली ठेवला, हात धुतले आणि सुपारीसमोर बसलो.  मग सांगायला लागलो. शिवपुरीपर्यंत रस्ता छान आहे. कोलारसला डावीकडे वळवलाय. दुसरा नट अडला होता. शिवी दिली नाही.